प्ले स्टोअर वेगळं का टाकावं लागतं? कस्टम रॉमची मागची गोष्ट

कस्टम रॉम म्हणजे फोनमधली कंपनीची अँड्रॉइड काढून तिच्या जागी टाकायची, हौशी लोकांनी बनवलेली अँड्रॉइड. त्यातलीच लिनिएजओएस पहिल्यांदा टाकणारा माणूस साधारण एकाच ठिकाणी गांगरतो. बूटलोडर (फोन चालू होताना सिस्टिम सुरू करणारा, कंपनीने कुलूपबंद केलेला भाग) उघडला, रिकव्हरी (नवी सिस्टिम चढवायचं छोटं साधन) टाकली, रॉम चढवली, फोन चालू झाला, सगळं चकाचक, आणि प्ले स्टोअरच नाही. मग कुणीतरी सांगतं की अरे गॅप्सची, म्हणजे गूगलच्या अ‍ॅपची, झिप वेगळी टाकायची असते, आणि तीही फोन पहिल्यांदा चालू व्हायच्या आधी, आता परत सगळं पुसून पहिल्यापासून कर. मी हे केलंय, रात्री दीड वाजता, आणि तेव्हा मला वाटलं होतं की हा रॉमवाल्यांचा निव्वळ आळस आहे. आळस वगैरे काही नाही, त्याच्यामागे २००९ सालचं एक वकिली पत्र आहे. आणि नुसतं एवढंच नाही, कस्टम रॉमच्या दुनियेत जे जे विचित्र वाटतं त्यातल्या बऱ्याच गोष्टींमागे असाच कुठला तरी जुना भांडणतंटा निघतो. अँड्रॉइडचा कोड पहिल्यापासून मोकळा आहे, त्याबद्दल वादच नाही, पण कुलूप कधी कोडला नव्हतंच, ते दरवेळी शेजारच्या दाराला लावलेलं असायचं.

सुरुवात ऑक्टोबर २००८ ची. एचटीसीने बनवलेला पहिला अँड्रॉइड फोन, टी-मोबाइल जी१, अमेरिकेत आला आणि त्याच सुमाराला गूगलने अँड्रॉइडचा सोर्स कोड सगळ्यांसाठी खुला केला. म्हणजे कोड तुम्ही घ्या, बदला, विका, काहीही करा, फक्त तो तुमच्याच फोनवर चढवायची सोय तेवढी नव्हती, कारण फोनवर रूट, म्हणजे फोनचा पूर्ण ताबा, मिळायचं नाही. ते मिळालं कसं हे अजून मला सगळ्यात धमाल वाटतं. जी१ ला सरकणारा खराखुरा कीबोर्ड होता, आणि कंपनीच्या चुकीमुळे त्या कीबोर्डवर तुम्ही जे काही टाइप कराल ते पाठीमागे एका रूट शेलमध्ये (पूर्ण ताब्याने हुकूम चालवणाऱ्या खिडकीत) पण जात होतं. कुणीतरी गर्लफ्रेंडला चॅटवर सांगायला गेला की फोन रीबूट केला होता म्हणून उत्तर द्यायला उशीर झाला, तर तो शब्द टाइप करून एंटर दाबताक्षणी फोन खरंच रीबूट! दोन-चार दिवसांत गूगलने ती फट बुजवली पण तोवर लोकांनी हवं ते करून घेतलं होतं.

त्यातून सुधारलेल्या रॉम निघायला लागल्या. आधी जेसस फ्रेक नावाने वावरणारा एक जण बनवायचा, २००९ मध्ये त्याने हात टेकले आणि लोकांना सांगितलं की आता सायनोजेनची रॉम वापरा. सायनोजेन म्हणजे स्टीव्ह कोंडिक (सायनोजेन हा खरंतर एक विषारी वायू, आवडीने टोपणनाव असलं घेणारा माणूस काय वल्ली असेल बघा). त्याची सायनोजेनमॉड इतकी चालली याचं कारण अगदी घरगुती होतं. जी१ मध्ये अ‍ॅपसाठी जागा जेमतेम ७० एमबी, आणि याच्या रॉममध्ये अ‍ॅप मेमरी कार्डावर टाकता यायची. शिवाय कंपनीने जी१ ला १.६ वर आणून सोडून दिलं तरी सायनोजेनमॉडवाल्यांनी त्याच फोनवर पुढे २.२ चालवून दाखवलं.

आता ते पत्र. सप्टेंबर २००९ मध्ये गूगलच्या वकिलांनी कोंडिकला कळवलं की जीमेल, यूट्यूब, मॅप्स आणि मार्केट (प्ले स्टोअरचं तेव्हाचं नाव) ही काही खुल्या अँड्रॉइडचा भाग नाहीत, ती आमची खाजगी अ‍ॅप आहेत, ती रॉममध्ये घालून वाटायची नाहीत. तेव्हा लोक भयंकर भडकले होते. कायद्याने बघितलं तर गूगलचं बरोबरच होतं असं मला आज वाटतं, तेव्हा वाटलं नव्हतं. तोडगा असा निघाला की रॉममध्ये गूगलचं काहीच ठेवायचं नाही, ज्याने त्याने आपल्या फोनमधली मूळची अ‍ॅप बाजूला काढून ठेवायची आणि नंतर परत चढवायची. त्याचंच पुढे झालं गॅप्सचं पाकीट. पंधरा-सोळा वर्षं झाली, आपण अजून दोन झिप टाकतोय.

आपल्याकडे हे प्रकरण आलं २०१०-११ च्या आसपास, आणि आपल्याकडची गरज जरा वेगळी होती. तेव्हाच्या अँड्रॉइड २.२, २.३ वर देवनागरी दिसायचीच नाही. मराठी ब्लॉग उघडा, ऑनलाइन पेपर उघडा, नुसते चौकोन. ऑपेरा मिनीच्या सेटिंगमध्ये जाऊन अवघड लिप्यांसाठी चित्राचे फाँट चालू करायची एक युक्ती होती, तेवढ्यावर पेपर वाचून व्हायचा, पण मेसेजमध्ये आणि बाकी सगळीकडे चौकोनच. म्हणून लोक रूट करायचे आणि देवनागरीचा फाँट सिस्टिमच्या फोल्डरमध्ये कोंबायचे. चौकोन जायचे खरे पण मग दुसरीच गंमत, पहिली वेलांटी अक्षराच्या आधी यायच्या ऐवजी नंतर लटकायची आणि जोडाक्षरं जोडलीच जायची नाहीत, ‘महाराष्ट्र’ मधले ष आणि ट पाय मोडून शेजारी शेजारी उभे. नुसता फाँट असून भागत नाही, अक्षरं जुळवणारं इंजिन लागतं, आणि ते नीट आलं आईस्क्रीम सँडविच-जेलीबीनच्या काळात, म्हणजे ४.० च्या पुढे. आता २.३ चा फोन विकून मोकळी झालेली कंपनी ४.० कशाला देते? माझ्या पहिल्या फोनच्या कंपनीने एकही अपडेट दिलं नाही, नाव घेत नाही, तेव्हा सगळ्या तशाच होत्या. ४.० च्या पुढची सायनोजेनमॉड ९ किंवा १० चढवायची हाच मार्ग होता. तर आमच्यासारख्या कित्येकांनी प्रायव्हसी, स्वातंत्र्य असल्या मोठ्या शब्दांसाठी नाही तर साधं मराठी सरळ वाचता यावं म्हणून फोन जोखमीत घातलेत. माझा एकदा पार मेला होता, पुण्यात बुधवार पेठेतल्या एका दुकानदाराने तो जिवंत केला आणि वर ‘परत असले धंदे करू नका’ म्हणून पैसे जास्त घेतले. (भाषेचं हे दुखणं ओळखून मुंबईत आयआयटी बॉम्बेच्या माजी विद्यार्थ्यांनी त्याच अँड्रॉइडवर भारतीय भाषांची एक सिस्टिम उभी केली, आधी फर्स्टटच आणि मग इंडस ओएस नावाने, २०१५ मध्ये ती मायक्रोमॅक्सच्या फोनवर आली. ती कस्टम रॉम नव्हे, फोनसोबतच यायची, पण दुखणं तेच.)

त्या काळातला खरा अडथळा मात्र कर्नलचा, म्हणजे सिस्टिमच्या सगळ्यात खालच्या, हार्डवेअरशी बोलणाऱ्या भागाचा. अँड्रॉइडचा वरचा भाग अपाचे लायसन्सखाली आहे, म्हणजे कंपनीने घेतला, बदलला आणि परत काही दिलं नाही तरी चालतं. खालचा लिनक्स कर्नल जीपीएलखाली, तिथे फोन विकला की बदललेला सोर्स मागणाऱ्याला द्यावाच लागतो. स्वस्तातले मीडियाटेक चिपवाले फोन आपल्याकडे धडाधड विकले गेले आणि त्यातल्या बऱ्याच कंपन्यांनी हा सोर्स कधी दिलाच नाही. शिवाय कॅमेरा, मोडेम, ग्राफिक्स यांचे ड्रायव्हर (ते भाग चालवणारे प्रोग्रॅम) बंद फायलींमध्ये. म्हणून एका फोनला दहा रॉम आणि तेवढ्याच किमतीच्या दुसऱ्या फोनला एकही नाही, असं व्हायचं. ‘या फोनला रॉम का नाही’ विचारणाऱ्याला लोक खेकसायचे, पण उत्तर रॉमवाल्याकडे नव्हतंच, ते कंपनीच्या कपाटात होतं.

यानंतरचा भाग पैशांचा, आणि त्यात भारत मध्यभागी आहे. सप्टेंबर २०१३ मध्ये कोंडिक आणि मंडळींनी सायनोजेन इंक नावाची कंपनी जाहीर केली, ७० लाख डॉलर गुंतवणूक घेऊन, त्याच वर्षाच्या शेवटी आणखी २ कोटी ३० लाख. ज्यांनी फुकटात रात्री जागून कोड लिहिला होता त्यांच्यातले काही तेव्हाच बिथरले, आणि त्यांचं चुकलं असं म्हणवत नाही. २०१४ मध्ये वनप्लसचा पहिला फोन, वनप्लस वन, सायनोजेनमॉडसकट आला आणि डिसेंबरमध्ये भारतात अ‍ॅमेझॉनवर २१,९९९ रुपयांना विकायला लागला. पण मधल्या काळात सायनोजेनने भारतापुरते एकट्याने वापरायचे हक्क मायक्रोमॅक्सला देऊन टाकले होते! मायक्रोमॅक्स दिल्ली हायकोर्टात गेली, १६ डिसेंबरला वनप्लसच्या विक्रीवर बंदी, दोनच दिवसांनी मायक्रोमॅक्सच्या यू ब्रँडचा युरेका ८,९९९ रुपयांत जाहीर, आणि २४ तारखेला खंडपीठाने बंदी उठवली. एवढा तमाशा आठ दिवसांत. आणि हे सगळं कशावरून, तर जो कोड कुणीही फुकट उतरवून घेऊ शकत होता त्याच्या नावावरून. कोड सगळ्यांचा, पण ‘सायनोजेन’ हा शब्द एका कंपनीचा.

गंमत म्हणजे रॉमवाल्यांच्या खात्यात हे दोन्ही भाऊ एकाच ताटात जेवत होते. प्रत्येक फोनला एक टोपणनाव असतं, वनप्लस वनचं ‘बेकन’ आणि युरेकाचं ‘टोमॅटो’. कोर्टात एकमेकांच्या उरावर, इथे नाश्त्याला शेजारी.

मार्च २०१५ मध्ये सायनोजेनला आणखी ८ कोटी डॉलर मिळाले आणि त्या फेरीत पुढे होती प्रेमजी इन्व्हेस्ट, म्हणजे आपल्या विप्रोवाल्या अझीम प्रेमजींची गुंतवणूक संस्था. कंपनीचे तेव्हाचे सीईओ कर्ट मॅकमास्टर जाईल तिथे सांगत होते की आम्ही अँड्रॉइड गूगलच्या हातातून काढून घेणार. पुढच्याच महिन्यात मायक्रोसॉफ्टशी हातमिळवणी, म्हणजे सिस्टिममध्ये मायक्रोसॉफ्टची अ‍ॅप. वनप्लसने तोवर स्वतःची ऑक्सिजन ओएस काढली होती, त्यासाठी माणसं घेतली तीही पॅरानॉइड अँड्रॉइड या दुसऱ्या कस्टम रॉममधली. २०१६ मध्ये सायनोजेनमध्ये कर्मचारी कपात झाली, वर्षाच्या शेवटी कोंडिक स्वतःच बाहेर, आणि २३ डिसेंबरला एक छोटंसं निवेदन आलं की ३१ तारखेपर्यंत सगळे सर्व्हर बंद होतील. बास, एवढंच.

दुसऱ्याच दिवशी स्वयंसेवकांनी जाहीर केलं की कोड आम्ही उचललाय, नाव उचलता येत नाही, तेव्हा आता लिनिएजओएस. लिनिएज म्हणजे वंश, नाव विचार करून ठेवलंय. जानेवारी २०१७ मध्ये पहिल्या बिल्ड (टाकायला तयार आवृत्त्या) आल्या आणि आकडा १ पासून नाही तर १४.१ पासून, सायनोजेनमॉड जिथे थांबली तिथूनच. यावेळी कंपनी नाही, गुंतवणूकदार नाही, म्हणून विकायलाही कुणी नाही.

त्याच सुमाराला आपल्याकडे जिओ आलं, ५ सप्टेंबर २०१६, आणि रॉमवाल्यांची झोप उडाली. जिओकडे २जी-३जी नव्हतंच, कॉल लागायचा तो व्होएलटीईवरच, म्हणजे ४जी वरूनच, आणि व्होएलटीईचा सगळा मसाला चिपवाल्यांच्या बंद फायलींमध्ये. म्हणजे नेट सुसाट आणि फोन करता येत नाही असा फोन. तेव्हा कुठलीही नवी रॉम आली की पहिला प्रश्न एकच असायचा, ‘भाई व्होएलटीई चालतंय का’. बाहेरच्या देशातले डेव्हलपर चक्रावायचे, त्यांना जुन्या नेटवर्कवर पडायची सोय होती, आपल्याला नव्हती. जिओचं एक वेगळं अ‍ॅप टाकून कॉल करायचा जुगाड होता, आईला तो समजावून सांगायचा प्रयत्न मी केलाय, पुढचं विचारू नका.

मग २०१७ मध्ये अँड्रॉइड ८ बरोबर गूगलने प्रोजेक्ट ट्रेबल आणलं, चिपवाल्यांचा भाग आणि वरची सिस्टिम यांच्यात नीट भिंत घातली, त्याने रॉम बनवणं बरंच सोपं झालं. शाओमीचे रेडमी नोट ३, नोट ४, पोको एफ१ हे फोन तर आपल्याकडच्या हौशी पोरांनी शाळेतल्या प्रयोगासारखे वापरले. अर्थात शाओमीत बूटलोडर उघडायला आधी अर्ज करा, मग तासन् तास, पुढे तर सात दिवस थांबा, ते वेगळं. हुवावेने २०१८ मध्ये अनलॉक कोड देणंच बंद केलं.

दुसऱ्या बाजूला प्रायव्हसीवाल्यांच्या वेगळ्या वाटा फुटल्या. मँड्रेक लिनक्स ही कॉम्प्युटरची सिस्टिम काढणाऱ्या गाएल दुवाल यांनी लिनिएजवरूनच गूगलमुक्त ‘ई’ सिस्टिम काढली, आणि कॉपरहेडओएस या सुरक्षेवर भर देणाऱ्या रॉममध्ये २०१८ साली फाटाफूट होऊन त्यातून पुढे ग्राफीनओएस आली. ग्राफीनचा विनोद असा की गूगलपासून सगळ्यात सुरक्षित राहायचं तर आधी गूगलचाच पिक्सेल फोन विकत घ्या.

आणि आता कुलूप आहे बँकेच्या अ‍ॅपपाशी. आधी सेफ्टीनेट, नंतर प्ले इंटिग्रिटी या गूगलच्या तपासण्या, काम एकच, अ‍ॅपने विचारायचं की या फोनवर गूगलने मान्य केलेलीच सिस्टिम आहे ना आणि बूटलोडर बंद आहे ना. जॉन वू नावाच्या तैवानी तरुणाने २०१६ मध्ये मॅजिस्क बनवून यावर छान पांघरूण घातलं होतं, सिस्टिमला हात न लावता रूट आणि वर ते लपवायची सोय. २०२१ मध्ये त्याला गूगलनेच अँड्रॉइडच्या सुरक्षा टीममध्ये नोकरी दिली आणि लपवायचा भाग त्याने काढून टाकला. त्याच्या आधीपासूनच बूटलोडरची साक्ष थेट चिपमधून, सही करून यायला लागली होती, तिथे पांघरूण पुरत नाही. लिनिएज तर बूटलोडर उघडा ठेवूनच चालते, त्यामुळे यूपीआयचं एखादं अ‍ॅप आज चालतं, उद्या अपडेट आलं की ‘तुमचा फोन सुरक्षित नाही’. सात वर्षांपूर्वीचा सिक्युरिटी पॅच असलेला बंद बूटलोडरचा फोन मात्र त्यांना सुरक्षित वाटतो, याचं उत्तर मला कुठल्याच बँकेच्या हेल्पलाइनवर मिळालं नाही.

२०२५ मध्ये आणखी एक झालं. गूगलने अँड्रॉइडचं सगळं काम आधी आतल्या आत करायचं ठरवलं, आणि जूनमध्ये अँड्रॉइड १६ चा कोड आला तेव्हा त्यात पिक्सेलसाठी लागणाऱ्या डिव्हाइस फायली नव्हत्या. कोड नेहमीसारखाच खुला. ऑक्टोबरमध्ये लिनिएज २३ आली, पण पिक्सेलचं काम जे आजवर सगळ्यात सोपं असायचं ते इतर फोनांसारखं चाचपडत करायची वेळ आली.

माझा लिनिएजवाला फोन अजून रोज वापरात आहे, गाणी, वाचन, मेसेज सगळं त्याच्यावर. बँकेचे पैसे भरायला दुसरा, स्वस्तातला, कंपनीच्या सिस्टिमचा, जाहिरातींनी भरलेला फोन घेतलाय, तो खणात असतो.