रहस्यमालिकांचे तर्क (खानदेश)

दूरचित्रवाणीवर रहस्यमालिका चालू असताना खुनी कोण, मेलेला खरोखर मेला का, वाड्यात फिरणारी सावली कुणाची, याबद्दल प्रेक्षक आपापसांत जे अंदाज बांधतात, मोडतात आणि पुन्हा बांधतात, त्यांना येथे ‘तर्क’ म्हटले आहे. जळगाव, धुळे व नंदुरबार या तीन जिल्ह्यांत हे तर्क कसे चालतात, एवढाच या नोंदीचा विषय आहे. मात्र अहिराणी बोलणारा बागलाण, कळवण, मालेगावचा पट्टाही यातून वेगळा काढता येत नाही. मालिका मुंबईत लिहिल्या जातात आणि बऱ्याचदा कोकणात नाहीतर साताऱ्याकडे चित्रित होतात. खानदेशाच्या वाट्याला फक्त पाहणे येते, आणि ते येथे कुणी गप्प बसून करत नाही.

रहस्याची गोडी मालिकांनी लावलेली नाही. बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळा पहाड एस.टी. स्टँडवरच्या पुस्तकांच्या दुकानांतून आणि वाचनालयांतून आधीच घरोघरी पोचले होते. दूरदर्शनवर ‘करमचंद’ (१९८५) आणि ‘ब्योमकेश बक्षी’ (१९९३) आले, मराठीत बी. पी. सिंग यांची ‘एक शून्य शून्य’ आली, जिच्यात शिवाजी साटम पोलीस अधिकारी होते. पुढे हीच जोडी १९९८ मध्ये ‘सीआयडी’त दिसली. या मालिकांत गुन्हा आणि उलगडा बहुधा एकाच बैठकीत, फार तर दोन भागांत आटपत असे. तर्क चालायचा तो जाहिरातींच्या वेळेपुरता. एसीपी प्रद्युम्नच्या आधी नाव सांगणाऱ्याला त्या दिवसापुरता मान मिळे, एवढेच.

तर्काला मोकळे रान मिळाले ते रोजच्या मालिकेमुळे. सतीश राजवाडे दिग्दर्शित ‘असंभव’ २००७ मध्ये झी मराठीवर सुरू झाली. पुनर्जन्माची कथा, आणि रोज रात्री अर्धवट सोडलेला प्रसंग. ती वर्षे ग्रामीण महाराष्ट्रात कडक भारनियमनाची होती. ऐन मालिकेच्या वेळी वीज गेली की त्या रात्रीचा भाग बुडे आणि दुसऱ्या दिवशी तो कुणाकडून तरी ऐकावा लागे. ऐकवणारा नुसती कथा सांगत नसे. ‘ती हसली’ याचे ‘ती अशी हसली की तिला सगळं ठाऊक आहे’ कधी होई, ते त्यालाही कळत नसे. ज्यांनी भाग पाहिलेलाच नाही, ते या सांगीव पुराव्यावर पुढचा इमला उभारत. त्या काळच्या तर्कांना जो भन्नाटपणा होता त्यातला निम्मा लेखकांचा नव्हे, वीज मंडळाचा मानावा लागेल.

खानदेशात सर्वांत जास्त तर्क ज्या मालिकेवर झाले ती बहुधा ‘रात्रीस खेळ चाले’. तिचे पहिले पर्व फेब्रुवारी ते ऑक्टोबर २०१६ असे चालले. सावंतवाडीजवळच्या आकेरी गावातला वाडा, घरचे कर्ते अण्णा नाईक यांचा मृत्यू, त्यानिमित्ताने जमलेले कुटुंब आणि मग एकामागून एक घडणारे विचित्र प्रकार. वेळ रात्री साडेदहाची, म्हणजे गावाकडे बऱ्यापैकी उशिराची. मालवणी वळणाचे संवाद पहिले काही दिवस कानावरून गेले. वाड्यातल्या पांडू या गड्याचे ‘इसरलंय’ (विसरलोय) मात्र विहिरीला ‘इहीर’ म्हणणाऱ्या मुलखाला समजावून सांगावे लागले नाही. कोकणातले देव, गाऱ्हाणे, राखणदार या गोष्टी इकडे परक्या. त्यामुळे कोकणातल्या प्रेक्षकाला जे रोजचे वाटे ते खानदेशी प्रेक्षक पुरावा म्हणून उचलत असे: नारळ असा का ठेवला, पान असे का लावले. परकेपणामुळे नजर तीक्ष्ण झाली खरी, पण ती अनेकदा नको तिथे रोखली गेली.

पहिल्या पर्वाने प्रेक्षकांचे दोन तट पाडले. एकाच्या मते हे सारे अण्णांच्या अतृप्त आत्म्याचे काम. दुसऱ्याच्या मते घरातलेच कुणीतरी जमिनीसाठी हे घडवते आहे. शेतीच्या वाटण्या, सातबाऱ्यावरची नावे आणि बांधावरची भांडणे पाहिलेल्या शेतकऱ्यांचा कल दुसऱ्या बाजूला असे. ‘भूत कशाले इन? जमीन भूतले नही, भाऊले लागस’ या धर्तीचा युक्तिवाद अहिराणीत फार पटकन जमतो आणि तो खोडणे अवघड असते. पांडूबद्दल एक वेगळाच तर्क होता. पांडूचे काम करणारे प्रल्हाद कुडतरकर हेच मालिकेच्या लेखकांपैकी एक आहेत हे कळल्यावर, ‘लिहिणाराच वाड्यात राहतो, मग त्याला सगळे ठाऊक असणारच’ असे काहीजण म्हणू लागले. तर्क म्हणून हा कच्चा आहे. पण पडद्यावरच्या माणसापेक्षा पडद्यामागच्या माणसाचा माग काढण्याची सुरुवात म्हणून तो महत्त्वाचा ठरतो.

जानेवारी २०१९ मध्ये आलेल्या दुसऱ्या पर्वाने कथा मागे नेली. माधव अभ्यंकरांचे अण्णा आणि अपूर्वा नेमळेकरांची शेवंता, म्हणजे अण्णांची प्रेयसी, केंद्रस्थानी आली. अण्णांचे पुढे काय होते हे तर सर्वांना ठाऊकच होते. त्यामुळे ‘कोण?’ हा प्रश्न मागे पडला आणि ‘कसे?’ व ‘का?’ हे प्रश्न पुढे आले. येथे तर्काची जात बदलली. खुनी ओळखणारे हुशार मागे पडले आणि माणसाचा स्वभाव वाचणारे, विशेषतः घरातल्या बायका, पुढे सरल्या. शेवंतेने कोणत्या दिवशी माघार घेतली असती तर ती वाचली असती, यावर झालेल्या चर्चा खुनाच्या तर्कांपेक्षा किती तरी सकस होत्या. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीमुळे चित्रीकरण थांबले. तर्क आहेत, पण भागच नाहीत, अशी स्थिती आली. त्याच काळात दूरदर्शनने ‘ब्योमकेश बक्षी’ पुन्हा दाखवली आणि नव्या पिढीला एका बैठकीत सुटणारे रहस्य म्हणजे काय ते दिसले.

रहस्यकथेत वाचकाशी प्रामाणिक राहण्याचे जुने संकेत आहेत. इंग्रज लेखक व धर्मगुरू रोनाल्ड नॉक्स यांनी १९२९ मध्ये दहा नियम सांगितले. गुन्हेगाराचा उल्लेख कथेत लवकर यावा, भुताखेतांची मदत घेऊ नये, हाती आलेला धागा गुप्तहेराने वाचकापासून लपवू नये, पूर्वसूचना न देता जुळी भावंडे आणू नयेत, हे त्यांतले काही. रोजच्या मराठी मालिकेने यातला शेवटचा नियम तरी पाळावा अशी प्रेक्षकांची माफक अपेक्षा असते, आणि तीही नेहमी पुरी होत नाही. मुख्य अडचण मात्र वेगळी आहे. पुस्तक छापले जाते तेव्हा त्याचा शेवट ठरलेला असतो. मालिका लिहिता लिहिता दाखवली जाते. प्रेक्षकसंख्या मोजणाऱ्या बार्क या संस्थेचे आकडे दर गुरुवारी येतात. २०१५ च्या अखेरीपासून या मोजणीत ग्रामीण घरेही धरली जाऊ लागली. एखादे पात्र लोकांना आवडले की त्याचे मरण पुढे ढकलले जाते. दुसऱ्याला अधिक काम मिळाले की तो अचानक ‘गावाला’ जातो. ज्याने पहिल्या दिवसापासून धागे जपून ठेवले, त्याचे उत्तर चुकते. कारण प्रश्नच मध्ये बदललेला असतो.

मुरलेला खानदेशी प्रेक्षक म्हणूनच दोन वह्या चालवतो, असे म्हणायला हरकत नाही. एकीत कथेतले धागे, दुसरीत बाहेरचे. नावाजलेला नट दोन ओळींच्या कामात दिसला की त्याच्याकडे पुढे काहीतरी मोठे आहे. जाहिरातीत ज्याच्यावर संशय दाखवला तो नक्की नाही. प्रेत दिसले नाही तर माणूस मेला नाही. शीर्षकगीतात जे दृश्य अजून मालिकेत आलेले नाही, ते येणार. हा दुसऱ्या वहीचा हिशोब बहुतेक वेळा बरोबर निघतो. जुन्या रहस्यकथावाल्यांना ही लबाडी वाटते. प्रस्तुत लेखकाला ती वाटत नाही: खेळाचे नियम खेळवणाराच बदलत असेल, तर खेळणाऱ्याने त्याच्याकडेही पाहायला हवे.

‘देवमाणूस’ने (ऑगस्ट २०२० पासून) खुनी कोण हे सुरुवातीलाच सांगून टाकले. २०१६ मध्ये उघडकीस आलेल्या वाईच्या हत्याकांडावरून सुचलेल्या या मालिकेत गावचा लाडका डॉक्टर हाच खुनी, शिवाय डॉक्टर म्हणूनही खोटा. किरण गायकवाड यांनी तो रंगवला. उरला प्रश्न एकच, तो पकडला कधी जाणार. पाटी नसलेल्या दवाखान्यात सलाइन लावून घेतलेल्या माणसांना ही कथा दूरची वाटण्याचे कारण नव्हते. एसीपी दिव्या सिंग आली तेव्हा आता संपले असे अनेकांनी जाहीर केले. सरू आजीच्या शिव्यांतच खरा तपास आहे असे मानणाराही एक वर्ग होता. डिसेंबर २०२१ मध्ये दुसरे पर्व आले, खुनी परतला आणि प्रेताचा नियम पुन्हा खरा ठरला.

तर्क कुठे होतात, यावरही त्यांचे रूप ठरते. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसवर गेलेला असतो, तेव्हा जुन्या गावांत लोक मातीच्या धाब्यांवर, म्हणजे घरांच्या सपाट छतांवर, झोपतात. साडेदहाची मालिका संपवून सगळे वर आले की शेजारच्या धाब्यावरून प्रश्न येतो, ‘कोनी मारं व्हई?’ आणि झोप अर्धा तास लांबते. रावेर-यावलकडे केळीला रात्री पाणी द्यायला गेलेला माणूस भाग दुसऱ्या दिवशी पुनःप्रसारणात पाहतो. त्याला काल काय झाले हे सांगू नये असा संकेत आहे, पण तो फारसा पाळला जात नाही. भुसावळला रेल्वेच्या रात्रपाळीमुळे हीच अडचण अनेक घरांत येते. हिवाळ्यात मळ्यात भरिताचा बेत असला की वांगी भाजेपर्यंत निवांत वेळ मिळतो. पैजा तिथे लागतात, आणि त्या साधारणपणे शेवभाजीच्या असतात. कानबाईच्या जागरणाला टीव्ही बंद असला तरी गाण्यांच्या मधल्या खंडात मालिकेचा विषय निघतोच.

एक बाजू मात्र गमतीची नाही. मालिकेत काही अघटित घडले की पहिला संशय बहुधा एकट्या, विधवा किंवा बाहेरून आलेल्या बाईवर जातो. लेखक तसे सुचवतात आणि प्रेक्षक ते उचलतात. नंदुरबारच्या सातपुड्यात, अक्कलकुवा आणि धडगावच्या पट्ट्यात, बाईला डाकीण ठरवून छळण्याचे प्रकार प्रत्यक्षात घडले आहेत, आणि अंधश्रद्धा निर्मूलन समितीने तेथे त्याविरुद्ध दीर्घकाळ काम केले आहे. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात एखाद्या व्यक्तीवर करणी-जादूटोण्याचा ठपका ठेवून तिचे जगणे कठीण करणे हा गुन्हा आहे. ‘रात्रीस खेळ चाले’वर अंधश्रद्धा पसरवल्याचा आक्षेप घेतला गेला तो मुख्यतः भुतांमुळे. भुतापेक्षा संशयाची ही सवय अधिक तपासायला हवी होती. धुळ्यात बसून ‘तीच चेटकीण’ म्हणणे हा तर्क असतो. डोंगरात दोन-तीन तालुके पलीकडे त्याच वाक्याने बाईचे घर सुटते.

ओटीटीवर सगळे भाग एकदम येतात. अशा मालिकांवर येथे फारसे तर्क होत नाहीत, कारण प्रत्येकजण वेगळ्या भागावर असतो आणि रात्रभरात संपवलेल्या रहस्यावर सकाळी बोलण्यासारखे काही उरत नाही. रोजच्या मालिकेलाही अ‍ॅपने थोडा धक्का दिला आहे. झी५ वर वर्गणीदारांना भाग टीव्हीच्या आधी पाहता येतो, त्यामुळे पुण्याला शिकणारा किंवा नोकरी करणारा मुलगा गावाकडच्या घरापेक्षा पुढे असतो. तो फोनवर नुसते ‘उद्या बघा’ म्हणाला तरी आईला कळायचे ते कळते. ‘मी सांगस ना, तोच शे’ असे छातीठोक सांगून ओळीने पैजा जिंकणाऱ्याचा मोबाइल आता आधी तपासला जातो, आणि ज्याने भाग पाहिला असेल त्याने पैज लावायची नाही, असे मंडळी आधीच ठरवून घेतात.