‘परवानामुक्त’ लहरी आणि टॉवरवरची मोजमापे : पार्श्वभूमी

गावोगावच्या वायरलेस इंटरनेट सेवेत बिघाड शोधण्याचा जो क्रम आज रूढ आहे, म्हणजे आधी वीज, मग केबल, मग सिग्नल आणि सर्वांत शेवटी नॉईज (इतर लहरींचा गोंगाट), तो कोणी आखून दिलेला नाही. तो मुख्यतः २००५ ते २०१८ या तेरा वर्षांत, छपरांवर आणि टेकड्यांवर चढून काम करणाऱ्यांच्या हातून घडला. त्या काळातील उपकरणे आणि साधने समजून घ्यायची असतील, तर ज्या नियमांखाली ती वापरली गेली त्या नियमांकडे आधी पाहावे लागते.

१८८५ चा तार कायदा आणि १९३३ चा वायरलेस कायदा यांच्या चौकटीत बिनतारी यंत्र चालवण्यालाच नव्हे, तर ते जवळ बाळगण्यालाही परवाना लागत असे. अमेरिकेने १९८५ मध्येच लहरींचे काही पट्टे स्प्रेड-स्पेक्ट्रम, म्हणजे सिग्नल रुंद पट्ट्यात पसरवणाऱ्या, रेडिओंना विनापरवाना वापरण्यासाठी खुले केले होते. आपल्याकडे खासगी कंपन्यांना इंटरनेट सेवेची मुभा १९९८ च्या अखेरीस मिळाली, पण ग्राहकापर्यंत पोहोचण्याचा मार्ग टेलिफोनच्या तारेचाच राहिला. चेन्नईत विकसित झालेल्या एका देशी बिनतारी टेलिफोन प्रणालीने खेड्यांत ३५ आणि ७० किलोबिट वेगाचे इंटरनेट नेऊन दाखवले, हा त्या काळातील महत्त्वाचा अपवाद होता.

जानेवारी २००५ मध्ये २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा, म्हणजे २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झ, परवान्यातून मुक्त झाला. त्यासोबत तीन मर्यादा आल्या : रेडिओची शक्ती १ वॉट, अँटेनासह परिणामी शक्ती ४ वॉट आणि अँटेनाची उंची अधिकृत इमारतीच्या छपरापासून ५ मीटरच्या आत. ५ गिगाहर्ट्झमधील काही भाग त्याच वेळी फक्त घरातील कमी शक्तीच्या वापरासाठी खुला झाला. २००७ मध्ये ५८२५ ते ५८७५ हा ५० मेगाहर्ट्झचा तुकडा बाहेरच्या वापरासाठी मिळाला आणि पुढची अकरा वर्षे लहान सेवादारांनी ५ गिगाहर्ट्झमध्ये त्यावरच भागवायचे, अशी स्थिती राहिली.

येथे ‘परवानामुक्त’ या शब्दाशी थोडे थांबावे लागते, कारण सर्वाधिक गोंधळ याच शब्दाने केला आहे. मुक्तता मिळाली ती लहरींच्या वापराला. रेडिओच्या प्रत्येक प्रकाराला सरकारी मान्यता लागतच होती, आणि लोकांना पैसे घेऊन इंटरनेट देणाऱ्याला अ, ब किंवा क वर्गाचा सेवा-परवाना घ्यावाच लागत होता. यांपैकी क वर्ग साधारण एका जिल्ह्याएवढ्या क्षेत्रापुरता असे. एकाच टॉवरवरील एकाच जोडणीला एका अर्थाने परवाना नको आणि दुसऱ्या अर्थाने हवा, हे ग्रामपंचायतीत, पोलीस ठाण्यात किंवा जागामालकाला समजावून सांगताना अनेकांची दमछाक झाली आहे.

शब्दाची दुसरी बाजू अधिक महत्त्वाची आहे. अधिसूचनेची भाषा स्पष्ट आहे : हा वापर सामायिक राहील, त्याने इतरांना व्यत्यय आणू नये आणि इतरांकडून व्यत्यय आल्यास त्यापासून संरक्षण मिळणार नाही. परवाना घेतलेल्या लहरींवर कोणी अतिक्रमण केले, तर तक्रार करता येते आणि सरकारी मोजणी-पथक येऊ शकते. मुक्त पट्ट्यात शेजारच्या टेकडीवर दुसऱ्याने तोच चॅनल लावला, तर दाद मागायला जागाच नाही. मुक्ततेची ही किंमत होती, आणि ती रोज टॉवरवर चढणाऱ्या तंत्रज्ञाने मोजली. व्यत्यय आहे की नाही, कोणत्या दिशेने आहे आणि कोणत्या फ्रिक्वेन्सीवर आहे, याचा निवाडा करणारा तोच एकमेव माणूस उरला. त्याच्या हातातील साधनांचा इतिहास म्हणूनच या निर्णयापासून वेगळा काढता येत नाही.

५ मीटरच्या अटीचीही दखल घ्यायला हवी. २.४ गिगाहर्ट्झवर ५ किलोमीटरच्या जोडणीत मध्यावर फ्रेनेल झोनची, म्हणजे दोन अँटेनांमधील सरळ रेषेभोवती लहरींना लागणाऱ्या मोकळ्या जागेची, त्रिज्या सुमारे १२ मीटर होते आणि तिचा निदान ६० टक्के भाग, म्हणजे सात-साडेसात मीटर, मोकळा लागतो. कौलारू किंवा एकमजली घरावर ५ मीटरची काठी उभारून वाटेतील आंब्यांच्या आणि नारळांच्या शेंड्यांवरून एवढे अंतर मिळत नाही. त्याहून उंच मास्टसाठी (अँटेनाच्या खांबासाठी) जागेची स्वतंत्र मंजुरी लागे, आणि पाण्याची टाकी ‘अधिकृत इमारत’ धरायची का, हे नियमाच्या शब्दांवरून ठरवणे कठीण होते. ही अट शहरातील इमारती डोळ्यांसमोर ठेवून घातली गेली, असे माझे मत आहे. ज्या भागाला या सेवेची खरी गरज होती, त्याच भागाला तिचा जाच झाला.

५० मेगाहर्ट्झच्या तुकड्याने आणखी एक पेच निर्माण केला. बाजारात मिळणारे बहुतेक रेडिओ अमेरिकी मांडणीचे, आणि तेथील पट्टा ५८५० ला संपणारा. त्या मांडणीतील शेवटचा चॅनल १६५ हा ५८२५ वर केंद्रित असतो, म्हणजे त्याचा अर्धा भाग भारतीय पट्ट्याच्या बाहेर पडतो. २० मेगाहर्ट्झ रुंदीचे दोनच चॅनल या तुकड्यात बसत. एका टेकडीवर तिसरा सेवादार आला की गर्दी अटळ होती.

उपकरणांच्या बाजूने पाहिले, तर सुरुवात घरगुती वाय-फाय लांबवण्यापासून झाली. कानपूरच्या परिसरात संशोधकांनी साध्या वाय-फाय कार्डांना मोठे अँटेना जोडून ३० किलोमीटरहून लांब जोडण्या उभ्या केल्या. कार्यालयातील वाय-फाय ‘आधी ऐका, मग बोला’ या रीतीने चालते आणि लांब अंतरावर ही रीत कोलमडते, हे त्यांनी दाखवले आणि २००५ मध्ये वेळ वाटून देणारी पद्धत मांडली. पुढे २००९ च्या सुमारास बाहेरच्या वापराचे स्वस्त रेडिओ आपापल्या वेळ-वाटप पद्धती घेऊन आले आणि काही हजार रुपयांत डिश, रेडिओ आणि राउटर एकाच डब्यात मिळू लागले.

तमिळनाडूतील थेनी भागात नेत्ररुग्णालयासाठी उभारलेल्या जाळ्याचा अनुभव मला सर्वांत मोलाचा वाटतो. बिघाडांचे मूळ बहुतेक वेळा रेडिओत नसून विजेत होते. दाब अचानक चढल्याने बोर्ड जळत, दाब पडल्याने यंत्र अर्धवट चालू राही आणि ठिकाणावरच्या कर्मचाऱ्याला लहरींचा दोष व विजेचा दोष वेगळा ओळखता येत नसे. मल्टिमीटर पिशवीत सर्वांत वर का ठेवतात, याचे उत्तर येथे आहे. त्यात पीओईचा, म्हणजे नेटवर्कच्या केबलमधूनच रेडिओला वीज देण्याच्या पद्धतीचा, घोळ वाढला. २००३ चे मानक ४८ व्होल्टचे आणि यंत्राशी बोलून मगच वीज सोडणारे, तर स्वस्त रेडिओ थेट २४ व्होल्ट घेणारे. जॅक मात्र दोन्हीकडे एकच. मान्सूनमधील तक्रारीही पावसावर ढकलल्या जात, पण ५ गिगाहर्ट्झवर पावसाच्या सरी सिग्नल फारसा खात नाहीत. पाणी केबलमधून उतरते. कोकणात दोन पावसाळे काढलेला आरजे-४५ (नेटवर्क केबलच्या टोकाचा जॅक) कापून पाहिला, की आठांपैकी दोन-तीन पिना हिरव्या पडलेल्या दिसतात, आणि १०० मेगाबिटची जोडणी १० वर का आली याचा उलगडा होतो.

साधनांमधील खरा बदल रेडिओच्या आतच झाला. आरंभी स्पेक्ट्रम ॲनालायझर, म्हणजे पट्ट्यातील सर्व लहरी दाखवणारे यंत्र, लाखांच्या घरातला असल्याने लहान सेवादार लॅपटॉपवर आसपासची वाय-फाय नावे मोजून अंदाज बांधत. त्यात वाय-फाय नसलेला व्यत्यय दिसतच नसे. नव्या रेडिओंनी आपल्याच चिपमधून पट्ट्याचे चित्र दाखवायला सुरुवात केली. पाठीवरील चार दिवे उणे ९४, ८०, ७३ आणि ६५ डीबीएम (सिग्नलची ताकद मोजण्याचे एकक) या पातळ्यांवर लागत, त्यामुळे लॅपटॉप न उघडताही डिश फिरवता येऊ लागली. लाटव्हियातील एका कंपनीच्या राउटरला विनबॉक्स या तिच्या संगणकावरील सॉफ्टवेअरने आयपी पत्ता (जाळ्यातील पत्ता) नसतानाही मॅक पत्त्यावरून, म्हणजे यंत्राच्या स्वतःच्या ओळख-क्रमांकावरून, जोडून घेता येते. चुकीच्या सेटिंगमुळे हरवलेला राउटर पुन्हा हाती येण्याचा हा मार्ग ज्यांनी वापरला, त्यांनाच त्याची किंमत ठाऊक आहे.

ऑक्टोबर २०१८ च्या नियमांनी ५ गिगाहर्ट्झमध्ये एकूण ६०५ मेगाहर्ट्झ खुले केले आणि ५० मेगाहर्ट्झची कोंडी फुटली. मात्र तोवर फायबर तालुक्यांपर्यंत येऊन ठेपले होते, आणि २०२३ पासून मोबाइल कंपन्यांची घरगुती ५जी सेवाही ‘वायरलेस ब्रॉडबँड’ या नावानेच विकली जाऊ लागली. ती विकत घेतलेल्या लहरींवर चालते, हा भेद ग्राहकाच्या बिलावर दिसत नाही. लहान सेवादाराचे रेडिओ आता मुख्यतः फायबर न पोहोचलेल्या वाड्यांपर्यंत जाण्यासाठी उरले आहेत.

संरक्षण न देण्याची अट नव्या नियमांतही तशीच आहे. त्यामुळे जोडणी सुरू केल्याच्या दिवशी पीओईच्या डब्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करने सिग्नल, नॉईज, फ्रिक्वेन्सी आणि तारीख लिहून ठेवण्याची सवय काही तंत्रज्ञांनी सोडलेली नाही. तीन वर्षांनी तक्रार आली, की सिग्नल तोच राहून नॉईज वर चढलेला दिसतो, आणि मग समोरच्या टेकडीवरील सेवादाराला फोन करून चॅनल वाटून घेतले जातात.