परळ की परदेश? स्किन कॅन्सरच्या उपचारांमागची जुनी गोष्ट

मुंबईत कुणाच्या घरात कॅन्सर निघाला की चार दिवसांत कुणीतरी काका नाहीतर मामेभाऊ विचारतोच, "बाहेर नेऊया का, अमेरिकेला वगैरे?" स्किन कॅन्सर असेल तर हा प्रश्न जास्तच जोरात येतो, कारण हा गोऱ्या लोकांचा आजार, मग त्यांनाच त्यातलं कळणार असं आपण धरून चालतो. त्यात तथ्य आहेच. मेलेनोमाचं, म्हणजे कातडीला रंग देणाऱ्या पेशींतून होणाऱ्या आणि लवकर पसरणाऱ्या कॅन्सरचं प्रमाण जगात सगळ्यात जास्त ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये आहे, आपल्याकडे ते फारच कमी. पण हा "बाहेर नेऊया"चा विचार कुठून आला आणि प्रत्येक काळात बाहेर नेमकं काय मिळत होतं जे इथे नव्हतं, हे माहीत असेल तर निर्णय घेताना डोकं जरा शांत राहतं, म्हणून हे सगळं लिहितोय.

सुरुवात स्किन कॅन्सरपासून नाही, ल्युकेमियापासून, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरपासून होते. सर दोराबजी टाटांच्या पत्नी मेहेरबाई उपचारांसाठी ब्रिटनला गेल्या आणि १९३१ मध्ये तिकडेच, वेल्समध्ये वारल्या. त्या काळी पैसेवाल्या मुंबईकराला कॅन्सर झाला की बोटीने विलायतेला जायचं एवढाच मार्ग होता, बाकीच्यांना तोही नव्हता. असले उपचार आपल्या माणसांना आपल्या शहरात मिळावेत असं दोराबजींच्या मनात होतं, पण पुढच्याच वर्षी तेही गेले. मग त्यांच्या नावाच्या ट्रस्टने ते काम पुढे नेलं आणि २८ फेब्रुवारी १९४१ ला परळला टाटा मेमोरियल सुरू झालं, तेव्हा ८० खाटा होत्या. १९५७ मध्ये ते केंद्राच्या आरोग्य खात्याकडे आणि १९६२ मध्ये अणुऊर्जा खात्याकडे गेलं. म्हणजे आज ज्या हॉस्पिटलबाहेर देशभरातली माणसं फुटपाथवर फाइल उशाला घेऊन झोपतात, ते उभं राहिलं तेच मुळी एक बाई उपचारांसाठी परदेशी जाऊन परत आली नाही यातून. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते.

आणि स्किन कॅन्सरबद्दल आपल्याकडे काहीच काम नव्हतं असंही नाही. टाटाचे पॅथॉलॉजिस्ट डॉ. वसंत रामजी खानोलकर आणि डॉ. सूर्याबाई यांनी १९४५ मध्ये भारतातल्या सवयींमुळे होणाऱ्या कॅन्सरवर पेपर लिहिला, त्यात धोतराचा कॅन्सर आहे. कमरेला धोतर वर्षानुवर्षं एकाच जागी घट्ट आवळून बांधायचं, तिथली कातडी आधी काळी पडते, मग पांढरी, मग खरखरीत, तिथे जखम होते ती भरतच नाही आणि शेवटी त्यातून स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, म्हणजे कातडीच्या वरच्या थरातला कॅन्सर. पुढे मुंबईच्याच डॉक्टरांनी साडीचा कॅन्सरही नोंदवला, तोच प्रकार, फक्त इथे परकराची नाडी. आपल्या आज्यांच्या कमरेवरचा तो काळा पट्टा आठवा, सगळ्यांनी पाहिलाय, कुणी डॉक्टरला दाखवत नाही. अर्थात त्या बहुतेक पट्ट्यांचा कॅन्सर होत नाही, पण त्यात न भरणारी जखम दिसली तर ती दाखवायलाच हवी, आणि ती ओळखायला सिडनीच्या डॉक्टरची गरज नाही, उलट त्याला हा प्रकार बघायला मिळणंच कठीण.

बाहेर मात्र या काळात वेगळ्याच गोष्टी चालल्या होत्या. अमेरिकेत विस्कॉन्सिनला फ्रेडरिक मोस यांनी १९३० च्या दशकात एक पद्धत काढली, गाठीचा एक पातळ थर काढायचा, लगेच मायक्रोस्कोपखाली बघायचा, कॅन्सर उरलाय तिथलाच पुढचा थर काढायचा. नाक, पापणी अशा ठिकाणी चांगली कातडी वाचते म्हणून तिचं मोल. ही मोस सर्जरी आपल्याकडे अजूनही मोजक्याच ठिकाणी होते. मग १९७० मध्ये अलेक्झांडर ब्रेस्लो यांनी दाखवलं की मेलेनोमा किती मिलिमीटर खोल गेलाय त्यावर पेशंटचं पुढचं बरंचसं ठरतं, आजही रिपोर्टमध्ये ब्रेस्लो थिकनेस असतो तो हाच. ऑस्ट्रेलियात १९८१ पासून शर्ट घाला, क्रीम लावा, टोपी घाला असा प्रचार घरोघरी पोचला. सिडनीत तर मेलेनोमासाठी वेगळं सेंटरच आहे, तिथले पॅथॉलॉजिस्ट जेवढे मेलेनोमा बघतात तेवढे आपल्याकडच्या एखाद्या लॅबच्या वाट्याला कधी येणार? त्यामुळे डायग्नोसिससाठी तिकडची नजर मागणं यात काही चूक नाही.

पण जाणार कसं? फेरा या परकीय चलनाच्या जुन्या कडक कायद्याच्या दिवसांत डॉलर हवे तर रिझर्व्ह बँकेचे नियम, परवानग्या, कागद. २००० मध्ये त्याच्या जागी फेमा हा सैल कायदा लागू झाला, २००४ मध्ये २५ हजार डॉलर बाहेर पाठवायची सरसकट मुभा आली आणि २०१५ पासून ती वर्षाला अडीच लाख डॉलर आहे, शिवाय उपचारांसाठी तिकडच्या हॉस्पिटलचं एस्टिमेट असेल तर त्याहून जास्तही पाठवता येतात. दार उघडलं ते असं अगदी अलीकडे, आधी ते फिल्मस्टार आणि उद्योगपतींनाच परवडायचं.

मुंबईच्या मनात न्यूयॉर्क ठसलं त्यात नर्गिस यांच्या आजारपणाचाही वाटा असावा. त्यांना स्वादुपिंडाचा कॅन्सर होता, न्यूयॉर्कच्या स्लोन केटरिंग या कॅन्सर हॉस्पिटलमध्ये मोठे उपचार झाले, आणि ३ मे १९८१ ला त्या मुंबईत वारल्या. त्यानंतर आठच दिवसांनी, ११ मे ला, जमैकाचा गायक बॉब मार्ली गेला, वय फक्त ३६. त्याची केस स्किन कॅन्सरवाल्यांनी नीट समजून घ्यायलाच हवी. पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली मेलेनोमा होता, तो १९७७ मध्येच कळला होता, अंगठा काढायला त्याने नकार दिला, आणि आजार सगळीकडे पसरल्यावर तो जर्मनीत बव्हेरियाला एका पर्यायी उपचारवाल्या डॉक्टरकडे गेला, तिथे काही महिने राहिला, काही उपयोग झाला नाही. जग फिरलेला माणूस, पैसा होता, पण वेळ आधीच गेली होती.

आता हे मार्लीचं का सांगतोय, तर त्याला झालेला प्रकार, अॅक्रल मेलेनोमा, हाच सावळ्या-काळ्या लोकांतला नेहमीचा. तळपाय, तळहात, नखाखाली. उन्हाचा याच्याशी फारसा संबंध नाही. आपल्याकडे तळपायावर काळं काही आलं की ते कुरूप ठरतं, मग केमिस्टकडून कॉर्नकॅप, नाहीतर घरीच ब्लेडने तासणं. नखाखाली काळी रेघ आली तर ठेच लागली असेल, नखुर्डं असेल. असे महिनेच्या महिने जातात. तीन महिन्यांनी नख वाढलं तरी डाग पुढे सरकत नाही, किंवा काळेपणा नखाबाहेर कातडीवर उतरलाय, तर तो ठेचेचा नाही हे आधी लक्षात यायला हवं.

मग २०११ आलं आणि चित्रच बदललं. पसरलेल्या मेलेनोमावर अमेरिकेत इपिलिमुमॅब आणि वेमुराफेनिब ही दोन औषधं एकाच वर्षात मंजूर झाली, २०१४ मध्ये पेम्ब्रोलिझुमॅब आणि निवोलुमॅब. २०१५ मध्ये अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर यांचा मेंदूपर्यंत गेलेला मेलेनोमा शस्त्रक्रिया, रेडिएशन आणि पेम्ब्रोलिझुमॅबने आटोक्यात आला, आणि नव्वदी ओलांडलेला माणूस बरा होतो तर आपला का नाही असं लोकांना वाटलं तर त्यात नवल नाही. काही वर्षांतच ही औषधं इथेही मिळायला लागली, तेव्हापासून निव्वळ औषधासाठी विमानात बसायचं कारण उरलं नाही, अडचण आहे ती किमतीची. एक गोष्ट मात्र लोकांना कुणी स्पष्ट सांगत नाही, की हे जे भारी रिझल्ट ऐकतो ते मुख्यतः उन्हाने होणाऱ्या मेलेनोमाचे, अॅक्रलमध्ये इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराचीच प्रतिकारशक्ती कॅन्सरवर सोडणारी औषधं, तेवढी चालत नाही. हे डॉक्टरला आधीच विचारा, घर विकायच्या आधी. आणि किमतीवरचं कामही परळलाच चाललंय, डोकं-मानेच्या कॅन्सरवर टाटाच्या टीमने निवोलुमॅबचा अगदी छोटा २० मिलिग्रॅमचा डोस देऊन पाहिला, फायदा दिसला, २०२२ मध्ये तो अभ्यास छापून आला आणि बाहेरच्या डॉक्टरांनीही त्याची दखल घेतली. तो मेलेनोमावरचा नव्हता, हे लक्षात ठेवायचं.

डायग्नोसिसच्या प्रवासाचं तर स्वरूपच पालटलंय. बायोप्सीचा तुकडा मेणात बसवून त्याचा ब्लॉक करतात, प्लास्टिकच्या छोट्या कॅसेटमध्ये, वर पेन्सिलीने नंबर, हाताच्या दोन बोटांत मावतो. ज्यांनी टाटात फाइल काढलीय त्यांना माहीत आहे, बाहेर बायोप्सी झाली असेल तर स्लाइड आणि ब्लॉक मागतात आणि स्वतः परत तपासतात. हाच ब्लॉक कुरियरने सिडनीला किंवा ह्यूस्टनलाही जाऊ शकतो, जेनेटिक टेस्टही त्यावरच होतात. लॅबकडे तो लेखी मागता येतो. ऐंशीच्या घरातल्या आजीला चौदा तास विमानात बसवण्यापेक्षा हे केव्हाही बरं, आणि ओपिनियन वेगळं आलं तर मग जायचं की नाही ते ठरवता येतं.

तरी काही लोकांना आजही जावंच लागतं. अमेरिकेत फेब्रुवारी २०२४ मध्ये लिफिल्युसेल नावाची थेरपी मंजूर झाली, पेशंटचीच गाठ काढतात, तिच्यातल्या लढणाऱ्या पेशी लॅबमध्ये काही आठवडे वाढवतात, मग तगडी केमो देऊन त्या पेशी परत शरीरात सोडतात. नेहमीची औषधं थकली की मग ही. यासाठी तिकडे बराच काळ मुक्काम लागतो, सोबत एक माणूस लागतो, आणि पेशंटचं हृदय, फुप्फुसं, किडन्या तेवढं सोसतील का हे इथल्या ऑन्कोलॉजिस्टने आधी तपासून लिहून द्यावं लागतं, व्हिसाचा फॉर्म त्यानंतर.