फळ्या बसवण्यापूर्वी बरगड्यांना उतार द्या: लाकडी जहाजांचे संच घेणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्याकडून लाकडी जहाजांच्या छोट्या प्रतिकृती जोडण्याचे संच नेणाऱ्या ग्राहकांच्या तक्रारी बहुधा तीन प्रकारच्या असतात. पुढच्या टोकाशी फळ्या मोडतात, जहाजाच्या पोटाला उंचवटे येतात, किंवा संचातल्या फळ्या पुरत नाहीत. अर्धवट जोडलेल्या जहाजाचे छायाचित्र मागवून पाहिले की तिन्ही तक्रारींचे मूळ बहुतेक वेळा एकच निघते. कण्यावर (जहाजाच्या मधोमध लांबीने जाणाऱ्या पट्टीवर) बरगड्या (जहाजाच्या पोटाला आकार देणारे आडवे तुकडे) चिकटवून झाल्यावर त्यांच्या कडांना उतार न देताच, म्हणजे फळीच्या वळणाप्रमाणे त्या तिरप्या न घासताच, फळ्या लावायला सुरुवात केलेली असते.

उदाहरणादाखल आमचा ‘ट्रिंकोमाली’चा संच घेऊ. हे लढाऊ जहाज मुंबईच्या गोदीत जमशेटजी बोमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली मलबारी सागवानात बांधले गेले, 1817 साली पाण्यात उतरले आणि आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे पाहायला मिळते. मूळ जहाजाचा तोफांचा मजला सुमारे 150 फूट लांब आहे, म्हणजे 1:64 या प्रमाणात तो सुमारे 71 सेंटीमीटर भरतो. या जहाजाचे पोट मध्यभागी बरेच सरळ जाते आणि पुढे पोहोचताच थोड्याच अंतरात गोलाई घेऊन नाकाशी मिळते. ही गोलाईच नवख्या हातांची परीक्षा पाहते.

बरगड्या प्लायवुडमधून लेझरने कापलेल्या असतात आणि लेझर सरळ, काटकोनातच कापतो. त्यामुळे पुढच्या बरगड्यांवर फळी ठेवली की ती प्लायवुडच्या पूर्ण जाडीवर टेकत नाही, फक्त पुढच्या धारेवर टेकते. तेवढ्याशा धारेवर गोंद धरत नाही. फळी त्या धारेवर दुमडते, मोडते, आणि मोडली नाही तरी पोटावर उपाशी जनावराच्या फासळ्यांसारख्या रेषा उमटतात. मग त्या घालवण्यासाठी घासत बसावे लागते, आणि 1.5 मिलिमीटर जाडीची फळी घासता घासता आरपार जाते. एका संध्याकाळचे काम टाळल्यामुळे पुढचे अनेक आठवडे असे दुरुस्तीत जातात.

उतार देण्याची रीत अवघड नाही. बरगड्या कण्यात घट्ट बसवून, काटकोन तपासून, पांढऱ्या गोंदाने चिकटवा आणि रात्रभर वाळू द्या. त्यानंतर किमान तीन बरगड्यांवर एकाच वेळी टेकेल इतक्या लांब, लवचीक पट्टीवर 120 नंबरचा पॉलिश पेपर चिकटवून घासायला घ्या. सुटा कागद बोटाने दाबून घासू नये, कारण त्याने बरगडीला खळगा पडतो. मध्यापासून पुढच्या बरगड्यांची पुढची धार उतरवायची असते आणि मागच्या बरगड्यांची मागची. ऐन मध्यावरच्या बरगड्यांना जवळपास हात लावावा लागत नाही. लेझरने कडा तपकिरी जळलेली असते, तिचाच खुणेसारखा उपयोग करा. पुढच्या बरगडीवर घासत असताना तपकिरी रंग पुढून मागे कमी होत जातो. मागच्या धारेशी त्याची केसाएवढी रेघ उरली की थांबावे. ती रेघही गेली, तर बरगडी मूळ मापापेक्षा लहान झाली असे समजावे आणि तिथे पातळ पट्टी चिकटवून भर घालावी.

शेवटी एक सुटी फळी बोटांनी हलकेच दाबून सांगाड्यावर आडवी धरा आणि मागून दिवा लावून पाहा. प्रत्येक बरगडीशी फळी पूर्ण जाडीवर टेकली असेल, तर त्या सांध्यातून उजेड दिसणार नाही.

बरगड्या आम्हीच उतार देऊन का पाठवत नाही, असे अनेकजण विचारतात. एकाच बरगडीवर डेकपासून कण्यापर्यंत उतार सतत बदलतो, आणि तुमच्या हातून ती खाचेत अर्धा मिलिमीटर इकडे-तिकडे बसली तरी आमचा उतार चुकीचा ठरेल. चुकीच्या उतारापेक्षा सरळ कड केव्हाही बरी, असे आमचे स्पष्ट मत आहे. मूळ जहाज सागवानी असताना संचात सागवान का नाही, हाही नेहमीचा प्रश्न. सागाचे रेषे या प्रमाणात फार ठळक दिसतात आणि त्याच्या तेलकटपणामुळे गोंद नीट धरत नाही. म्हणून पहिल्या थराला मऊ लाइमवुड आणि दुसऱ्या थराला अक्रोडाची पातळ पट्टी आम्ही मुद्दाम निवडली आहे.

उतार झाल्यावर फळ्या दोन्ही बाजूंना आळीपाळीने लावा, कारण एक बाजू आधी पूर्ण केल्यास कणा पिळतो. पुढच्या टोकाकडे प्रत्येक फळी निमुळती करावी लागते, मात्र मूळ रुंदीच्या निम्म्याखाली जाऊ नये. वळवण्यासाठी फळी पंधरा-वीस मिनिटे पाण्यात भिजवा, चिमट्यांनी सांगाड्यावर धरून पूर्ण वाळू द्या आणि मगच चिकटवा. ओली फळी फुगलेली असते. ती तशीच चिकटवली, तर वाळल्यावर आकसून सांध्यात फट पडते. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात वाळायला दुप्पट वेळ लागतो असे धरून चाला.

वरीलप्रमाणे काम केल्यास संचातल्या फळ्या पुरून थोड्या उरतात, अशाच हिशेबाने आम्ही त्या भरतो. तरीही हाताशी जादा असाव्यात असे वाटल्यास दोन्ही लाकडांच्या सुट्या जुड्या आमच्याकडे मिळतात, आणि पॉलिश पेपर लावलेली तयार लवचीक पट्टीही मिळते. पहिलाच संच असलेल्यांना ही पट्टी सोबत घेण्याचा आम्ही आग्रह करतो. कापणीत दोष असलेला किंवा कमी आलेला भाग आम्ही विनामूल्य बदलून देतो. त्यासाठी खोक्याच्या झाकणाच्या आतील बाजूस छापलेला क्रमांक आणि सांगाड्याचे बाजूने काढलेले छायाचित्र पाठवावे. फळ्या लावण्यापूर्वीच असे छायाचित्र पाठवल्यास उतार पुरेसा झाला आहे की नाही, हेही आम्ही पाहून कळवू.