तुकडा जागेवर आहे का गेला? मुलांना विदारण आणि क्षरण शिकवताना

विदारण आणि क्षरण यातला फरक विचारला की बरीच मुलं दोन्हीला 'झीज' म्हणून मोकळी होतात. मी व्याख्या पाठ करून घेणं कधीच सोडलंय, एकच प्रश्न विचारते, तुकडा जागेवर आहे का कुठे गेला? खडक जागच्या जागी फुटला, कुजला, भुगा झाला तर विदारण, आणि तो भुगा पाण्याने, वाऱ्याने, बर्फाने उचलून नेला की क्षरण. बास.

साखरेचे चौकोनी क्यूब झाकणाच्या डब्यात घालून दोनेक मिनिटं खडखडवायला द्या. उघडल्यावर कोपरे आधी गेलेले दिसतात, कारण कोपऱ्याला तीन बाजूंनी मार बसतो, कडेला दोन आणि सपाट बाजूला एकाच. नदीतले गोटे गोल का असतात ते मग सांगावं लागत नाही, पोरं आपणहून ओरडतात.

प्लास्टिकची बाटली (काचेची चुकूनही नको!) काठोकाठ भरून, झाकण घट्ट लावून रात्री फ्रीझरमध्ये ठेवायची. पाणी गोठताना साधारण ९% फुगतं, त्यामुळे सकाळी बाटलीचा तळ बाहेर आलेला असतो, धड उभी राहत नाही. खडकाच्या भेगेत पाणी असंच गोठतं वितळतं पुन्हा गोठतं आणि भेग रुंदावत जाते.

रासायनिक विदारणात, म्हणजे खडक रासायनिक क्रियेने कुजतो किंवा विरघळतो ते दाखवताना, मात्र माझी फजिती झाली होती. खडू व्हिनेगरमध्ये टाकला, "आता बघा हं बुडबुडे" म्हटलं आणि काहीच नाही! फळ्याचे बरेच खडू जिप्सम नावाच्या खनिजाचे असतात आणि त्याला व्हिनेगरने बुडबुडे येत नाहीत हे नंतर कळलं. अंड्याचं कवच टाका, ते कॅल्शियम कार्बोनेटचं, लगेच बुडबुडे धरतं. चुनखडीच्या गुहा अशाच कोरल्या जातात, फक्त तिथे व्हिनेगरऐवजी कार्बन डायऑक्साइड विरघळलेलं पावसाचं पाणी असतं आणि काम फार म्हणजे फारच हळू चालतं.

क्षरणासाठी दोन ट्रे तिरके ठेवा, एकात नुसती माती, दुसऱ्यात मुळांसकट गवत. दोन्हीवर सारखंच पाणी ओतून खाली येणारं पाणी ग्लासात धरा. गवताच्या ट्रेमधलं बऱ्यापैकी स्वच्छ, दुसरं नुसता चिखल. तो चिखलाचा ग्लास ओतून देऊ नका, न हलवता ठेवा. वाळू पटकन तळाशी बसते, तिच्यावर बारीक गाळ, आणि दुसऱ्या दिवशीही वरचं पाणी गढूळच, चिकणमातीचे कण इतके बारीक की बसायलाच तयार नसतात.