‘का सोडताय?’ वेगळं, ‘आमच्याकडेच का?’ वेगळं

हिंजवडीत मुलाखती घेताना ‘आमच्याकडे का यायचंय?’ असं विचारलं, की बहुतेक जण आधीच्या कंपनीची गाऱ्हाणी सुरू करतात. अप्रेझलमध्ये तोंडाला पानं पुसली, मॅनेजर बदलला, सपोर्टच्या प्रोजेक्टवर अडकलोय. अहो, हे ‘तिथून का निघताय?’चं उत्तर झालं. ते सगळ्यांनाच येतं. खरं बोला, जुन्या साहेबाला शिव्या घालू नका, आणि कारण पगार असेल तर सरळ पगार म्हणा. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

घोळ ‘आमच्याकडेच का?’ या दुसऱ्या प्रश्नात आहे. स्वारगेटच्या तिकीट खिडकीवर ‘पुण्याला कंटाळलोय’ म्हटलं, तर पलीकडच्याने तिकीट कुठलं फाडायचं?

आयटीत नोटीस पिरियड बऱ्याच ठिकाणी ९० दिवसांचा असतो. ऑफर हातात पडली, की त्या तीन महिन्यांत तीच दाखवून दुसरीकडे घासाघीस करायची आणि जॉइनिंगच्या दिवशी फोन बंद ठेवायचा, हे आम्ही पुष्कळदा भोगलंय. तुम्ही त्या दिवशी खरोखर उगवाल का, हे आम्हाला चाचपायचं असतं. ‘तिथे ग्रोथ नाही’ यावरून ते कसं कळणार? ग्रोथ शेजारच्या इमारतीतही मिळेल.

मग काही जण वेबसाइट पाठ करून येतात. ‘लीडिंग ऑर्गनायझेशन’ हे शब्द कानावर पडले की मी चहा मागवतो. किर्लोस्करवाडी १९१० साली उभी राहिली, हे किर्लोस्करांच्याच माणसाला ऐकवून काय साधणार? त्यापेक्षा ‘आमच्या गावच्या उपसा सिंचनावर तुमचाच पंप आहे, त्यातलं पाणी ढकलणारं चाक, म्हणजे इम्पेलर, झिजला की पाणी कसं कमी होतं ते मी बघितलंय, म्हणून मला डिझाइनकडे यायचंय’ असं कुणी म्हणालं, तर मी पेन खाली ठेवून ऐकेन. त्यांचं काम आणि तुमचं काम कुठे भिडतं, ते यात दिसतं. मात्र ते खरं हवं. पुढचा प्रश्न इम्पेलरवरच येणार असतो.

कॅम्पसवर फ्रेशरला हाच प्रश्न विचारणाऱ्या एचआरपुढे मात्र हात टेकले. कॉलेजात कंपनी आलेली असते, पोरगं कंपनीकडे गेलेलं नसतं. तिथे मी ‘टेस्टिंगला टाकलं तर चालेल का?’ एवढंच विचारतो.