मुंबई–दुबई : हवाई अंतर आणि प्रवासकाळ

मुंबईचा छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळ आणि दुबईचा आंतरराष्ट्रीय विमानतळ यांच्यातील हवाई अंतर सुमारे १,९२७ किलोमीटर, म्हणजे १,०४० सागरी मैल आहे. पृथ्वीच्या गोलाईवरून मोजलेले हे सर्वांत कमी, म्हणजेच बृहद्वृत्तीय अंतर होय. मुंबई–कोलकाता अंतराहून ते जेमतेम अडीचशे-पावणेतीनशे किलोमीटरांनी जास्त भरते.

ही रेषा मुंबईहून पश्चिम-वायव्येला निघते, सौराष्ट्राचा किनारा उजवीकडे ठेवून अरबी समुद्र पार करते आणि ओमानच्या आखातावरून ओमान-अमिरातीतल्या हजर पर्वताकडे वळते. बहुतेक वाट पाण्यावरची. विमाने ठरवून दिलेल्या हवाई मार्गांनी जातात, त्यामुळे प्रत्यक्ष कापलेले अंतर थोडे वाढते.

अंतर ठरलेले असले तरी वेळ मात्र ठरलेली नसते. ताशी साडेआठशे किलोमीटरच्या वेगाने हे अंतर सव्वादोन तासांत संपायला हवे. वेळापत्रकात मात्र मुंबईहून दुबईला सुमारे सव्वातीन तास आणि परतीला पावणेतीन ते तीन तास दाखवलेले असतात. वेळापत्रकातला काळ विमान जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या विमानतळावर जागेवर थांबेपर्यंतचा असतो. चढणे, उतरणे, धावपट्टीसाठी थांबणे हे सगळे त्यात येते. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच वापरता येते. गर्दीच्या वेळी उतरणाऱ्या विमानांना आकाशात घिरट्या घालाव्या लागतात.

जाण्यायेण्यातला फरक वाऱ्यामुळे पडतो. हिवाळ्यात उत्तर भारत आणि आखाताच्या वर, दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान जेट प्रवाह वाहतो. दुबईला जाताना तो समोरून लागतो, तर येताना पाठीशी असतो. पावसाळ्यात हा प्रवाह उत्तरेकडे सरकतो आणि फरक कमी होतो.

घड्याळाचा हिशेब वेगळा. दुबई भारतापेक्षा दीड तास मागे आहे आणि तिकिटावर दोन्हीकडच्या वेळा स्थानिक असतात. पहाटे साडेचारला मुंबई सोडणारे विमान सव्वासहाला दुबईत पोहोचते. कागदावर पावणेदोन तासच दिसतात. उलट रात्री दहाला दुबईहून निघालेला माणूस मुंबईत दुसऱ्या तारखेच्या पहाटे अडीचला उतरतो. त्याला घ्यायला येणाऱ्यांची तारीख इथेच चुकते.

विमानांआधी ही वाट बोटींची होती. ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीची आखाती टपालसेवा १८६२ पासून चालली. शेवटची बोट ‘द्वारका’ १९८२ मध्ये थांबली. त्या प्रवासाला कित्येक दिवस लागत. दुबईचा विमानतळ १९६० मध्ये सुरू झाला, तेव्हा तिथल्या बाजारात भारताने आखातासाठी वेगळा काढलेला ‘आखाती रुपया’ चालत होता. तो १९६६ पर्यंत टिकला. दुबईची विमान कंपनी एमिरेट्सने १९८५ मध्ये सेवा सुरू केली, तेव्हा पहिल्या ठिकाणांत मुंबई होती.

या मार्गावरच्या मराठी प्रवाशांत रत्नागिरी आणि रायगडातून आखातात नोकरीला जाणाऱ्यांचा वाटा जुना आहे. रत्नागिरी ते सहार, म्हणजे मुंबईचा हा विमानतळ, हा सव्वातीनशे किलोमीटरहून अधिक लांबीचा रस्ता सात-आठ तास खातो, आणि विमानतळावर तीन तास आधी हजर व्हायचे असते. रात्रीच्या विमानासाठी त्यांची गाडी सकाळीच घरून निघते; दुबईत ते पोहोचतात दुसऱ्या दिवशी.